पंपातून उजेड दिसत नाही

आमच्या गावात बंदूक घेऊन कोणाच्या अंगणात जायचं तर आधी तिच्यातून उजेड दाखवावा लागतो. हा कायदा सरकारचा नाही, गावाचा आहे, म्हणून लोक तो पाळतात. दुनाळी मधून मोडायची, काडतुसं काढून मुठीत घ्यायची आणि दोन्ही नळ्या आभाळाकडे धरायच्या. घरातलं मोठं माणूस मागून डोळा लावून पाहणार. दोन गोल उजेड दिसले की म्हणणार, "दिसला उजेड, या." मग पाय आत ठेवायचा. नाहीतर बाहेर उभं राहायचं, मग तुम्ही पाटील असा की फॉरेस्टचे साहेब असा.

माझ्या वडिलांच्या वेळी भरमार होत्या. भरमारीचं मागचं तोंड बंद, तिच्यातून उजेड कसा दिसणार? तेव्हा गज टाकून दाखवायचे. लोखंडी गज नळीत सोडला आणि तळाला टण्ण वाजला की बंदूक खाली, म्हणजे रिकामी आहे. थप्प वाजला की आत बार आहे. म्हणजे भरमारीला गज होता, दुनाळीला उजेड होता. पंपाला काय, हे कोणी ठरवलंच नाही. ते ठरवायचं काम माझं होतं, कारण गावात पंपाची बंदूक आणणारा पहिला माणूस मी. मी ते केलं नाही. जे झालं ते त्यामुळे झालं, आणि ते माझ्या हाताने लिहून ठेवायचं आहे. अक्षर खराब आहे. मी चौथीपर्यंतच शिकलो.

शिक्षण चौथी असलं तरी बारा बोरच्या बंदुकीतलं माझ्याइतकं कळणारा माणूस पोंभुर्ण्याच्या या बाजूला नव्हता. वडशाला एका बँकेच्या दारावर मी अठ्ठावीस वर्षं दुनाळी घेऊन उभा होतो. खुर्ची दिली होती, पण मी बसलो नाही. बसलेला गार्ड आणि ठेवलेला गहू, दोन्हीला कीड लागते असं मी म्हणायचो, आणि मॅनेजर हसायचे. थंडीत नाटकांचा हंगाम लागला की वडशात मंडळ्यांची गर्दी. एका वर्षी एक नाटकवाला बँकेत आला आणि मलाच म्हणाला, "भाऊ, तुमची बंदूक तीन रात्री द्या ना. आमचा इन्स्पेक्टर लाकडाची घेऊन येते तं लोक हसतात." मी म्हणालो, "इन्स्पेक्टर बदला." बंदूक मी कोणाच्या हातात देत नसे. सगळ्या वडशाला हे माहीत होतं. पुढचं कळायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

नोकरी संपवून गावी आलो. बंदूक माझी, परवाना माझा, शेतीच्या आणि स्वतःच्या रक्षणासाठी. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, झाली की परत आणायची. परत आणताना मी मुद्दाम बाजाराच्या रस्त्याने यायचो. घरवाली होती तेव्हा म्हणायची, "तुमची वरात निघाली का?" ती गेली. पोरगा आधीच कामाला बाहेरगावी गेला होता. मग घरात मी आणि बंदूक असे दोघंच राहिलो.

माझा एक सोबती आहे. गावातच त्याचं घर. ते लोक गोंड, आम्ही बुद्धाचे. पण लहानपणी आमच्या दोघांच्या गाई एकाच रानात चरल्या आणि मोहफुलं आम्ही एकाच टोपलीत वेचली. त्याला बंदूक चालवता येत नाही, पण डुकराचा माग त्याच्यासारखा कोणाला काढता येत नाही. चिखलात खूर पाहून सांगेल की मादी आहे, सोबत पिल्लं आहेत आणि दोन घंट्यांपूर्वी गेली. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. घरवाली गेल्यापासून संध्याकाळचं माझं जेवण बहुतेक त्यांच्या सपरीतच, म्हणजे पुढच्या ओसरीवरच होतं. उजेड पाहण्याचं काम त्या घरात वहिनीचं. ती लहान असताना तिच्या माहेरी, अंगणात, तिचा काका भरमार पुसत बसला होता. खाली आहे म्हणत होता, तेवढ्यात बार उडाला. वहिनी तेव्हा त्याच्या बाजूला चिंचा फोडत होती. ती हे एकदाच बोलली, पुन्हा कधी नाही. पण नळीला डोळा लावताना ती जितका वेळ घ्यायची तितका गावात कोणी घेत नसे.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या दुनाळीचा जोड ढिला झाला. मोडून लावली की नळ्या हलायच्या. चंद्रपूरच्या मिस्तरीने हात जोडले. "भाऊ, आता ही भिंतीवर लावा." भिंतीवर बंदूक लावणारा माणूस मी नाही. नागपूरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एकनाळी काढली, काळीभोर. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. खट्‌-खटाक. तो आवाज ऐकला आणि मी मनात तिथेच सही केली. आमच्या ठाण्यातल्या शिपायांकडे तशाच होत्या, मोर्चा असला की घेऊन उभे राहायचे. मला वाटलं, म्हातारपणी आपण पोलिसांच्या बरोबरीला आलो.

कागदपत्राला पाच-सहा महिने लागले. नवीन बंदुकीसाठी शिकल्याचा दाखला पाहिजे म्हणाले. मला. अठ्ठावीस वर्षं दारावर उभं राहणाऱ्याला शिकल्याचा दाखला. गेलो. पोलिसांच्या मैदानावर आम्हा दहा-बारा जणांना बसवलं. शिकवायला एक हवालदार, हत्यारं दुरुस्त करणारा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने आधी त्यांची बंदूक दाखवली. त्यांच्यात रबराच्या गोळ्यांची काडतुसं असतात, गर्दीसाठी. मग माझी हातात घेतली आणि मूठ मागे ओढली.

"बाबा, दुनाळीत जेवढं दिसते तेवढंच असते. हिचं तसं नाई. नळी खाली दिसली तरी हिच्या पोटात काडतूस राह्यते." नळीखालच्या दुसऱ्या नळीवर त्याने टिचकी मारली. "मूठ पुढे केली का पोटातलं वर चढते. म्हणून बोट घालून पोट चाचपायचं. दरवेळी. नजरेवर जायचं नाई."

मी म्हणालो, "मी तुझ्या बापाच्या वयाचा आहे."

"म्हणूनच सांगून राह्यलो बाबा. म्हाताऱ्या हाताले जुनी सवय असते."

बाकीचे हसले. मी उठलो आणि मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली जाऊन बसलो. दुपारपर्यंत तिथेच होतो. लोक एकेक करून बोट घालत होते, भरत होते, काढत होते. मी पाठ करून बसलो. शेवटी सगळ्यांच्या कागदांवर सही झाली, त्यात माझ्याही झाली. हवालदार कागद देताना काही बोलला नाही. बोलला असता तर मी ऐकलं असतं का, याचं उत्तर मला माहीत आहे.

गावात बंदूक आणली तर चावडीवर चेष्टा सुरू.

"भाऊनं पंप आणला म्हंते."

"मंग बरं झालं. माह्या धानाच्या बांधीत पाणी नाई पोचत."

"पाच हॉर्सपावरचा का तीनचा?"

मी म्हणालो, "समोर उभा राहा, किती हॉर्सपावर ते सांगतो." पण नाव पडलं ते पडलंच. माझ्या बंदुकीला सगळे पंपच म्हणू लागले.

पहिल्यांदा ती घेऊन सोबत्याच्या अंगणाशी गेलो तेव्हा वहिनी तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून आली.

"मोडा भाऊजी."

"ही मोडत नाही वहिनी. ही पाहा अशी." मी मूठ मागे ओढली, बाजूची खिडकी उघडली, नळीचं मागचं तोंड दिसलं. "खाली आहे."

ती वाकली, डोळा लावला, डोकं इकडून तिकडून फिरवलं. "उजेड कुठी हाये?"

"हिच्यात उजेड दिसत नाही. मागे लोखंड आहे. पण खाली आहे, मी सांगतो ना."

"तुम्ही सांगता ते ठीक हाये. पण उजेड नाई दिसला तं आत नको."

"अठ्ठावीस वर्षं…"

"बँकेत अठ्ठावीस वर्षं राहा नाईतर पन्नास. इथी उजेड पाह्यजे." आणि ती पुन्हा सूप घेऊन बसली.

मी पंप अंगणाबाहेर मोहाच्या झाडाला टेकवला आणि जेवायला बसलो. भात नुसता चिवडत होतो. सोबती म्हणाला, "काऊन रुसला गड्या? बायको कोणाचं ऐकते? माहं नाई ऐकत, तुहं काय ऐकील." असं महिनेमहिने चाललं. दर वेळी मी मूठ ओढून खिडकी दाखवायचो, ती नाही म्हणायची, आणि बंदूक मोहाला टेकायची. अपमान एकदा झाला तर माणूस विसरतो. रोज थोडाथोडा झाला की तो हाडात जातो.

आता त्या दिवसाचं सांगतो. तीन धानांमागची गोष्ट. धान लोंबीवर आलं होतं आणि डुकरं कळपाने येऊन बांध्या लोळवून टाकत होती. शेतकऱ्यांनी अर्ज केले, फॉरेस्टने परवानगी दिली. परवान्याची बंदूक ज्याच्याकडे आहे त्याने मारायचं, मेलं की गार्डला कळवायचं, पंचनामा करायचा, मांसाला हात लावायचा नाही. बंदूक कोणाकडे होती हे सांगायला नको. दिवस मावळायला एक घंटा असताना मी आणि सोबती त्याच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसलो. मी दोन काडतुसं भरली. पंपात जास्त मावतात, पण माझ्या हाताला दोनचीच सवय.

डुक्कर आलं. मोठा एकल नर. धुऱ्याच्या पलीकडे, चाळीस पावलांवर. मी चाप दाबला आणि चुकलो. चिखल उडाला, डुक्कर झुडपात गेलं. इतक्या वर्षांत मी चुकलो नव्हतो असं नाही, पण सोबत्याच्या समोर चुकलो नव्हतो.

मूठ ओढली, रिकामं टरफल पडलं, दुसरं काडतूस वर गेलं. आणि खिशातून एक काढून मी खालून पोटात सारलं. दुनाळीत असंच करायचे, एक उडालं की एक भरायचं, बंदूक नेहमी दोनची. ते सारताना मी डुकराच्या झुडपाकडे पाहत होतो. हाताने काय केलं ते हातालाच माहीत.

डुक्कर परत आलं नाही. सोबती म्हणाला, "चाल, आता वाघाची वेळ झाली." आम्ही घराकडे निघालो.

अंगणाशी आलो तेव्हा ऊन नव्हतं, पण दिसत होतं. वहिनी कोंबड्या झाकत होती. मी मूठ ओढली. एक लाल काडतूस उडून शेणाने सारवलेल्या जागेवर पडलं. मी मनात मोजलं. दोन भरली, एक उडालं, एक पडलं. संपलं. दोनच्या पुढे मोजायचं काम माझ्या आयुष्यात बंदुकीने कधी पाडलंच नव्हतं. खिडकीत पाहिलं, नळीचं तोंड खाली होतं. त्या तोंडाच्या खालच्या बाजूला तिसरं काडतूस वर चढायला तयार पडलेलं होतं, आणि मी तिकडे पाहिलं नाही.

वहिनी म्हणाली, "बार ऐकू आला. पडलं का डुक्कर?"

सोबती म्हणाला, "डुकराले उजेड दाखवला यानं. पाहून गेलं."

वहिनी हसली. हसायचीच गोष्ट होती. आज मलाही हसू आलं असतं. ती हसतच म्हणाली, "ठेवा भाऊजी बाहेर, हात धुवा," आणि कोंबड्यांची टोपली उचलून घरात वळली.

"वहिनी, पाहून तर घ्या. खाली आहे."

ती आत गेली होती. सोबत्याने हात पुढे केला. "आण इकडे, मी ठेवतो मोहाखाली. तू बस."

"हात लावू नको. तुला दाखवतो." मी मूठ पुढे ढकलली, खटाक, नळी जमिनीकडे केली आणि चाप दाबला. खाली बंदुकीचा चाप दाबून ठेवायचा ही पण जुनीच सवय, त्याने आतल्या स्प्रिंगला आराम मिळतो.

अंगणात उखळ पुरलेलं होतं. बहुतेक छर्रे त्या दगडावर गेले. राहिलेले त्याच्या डाव्या पायात.

तो ओरडला नाही. खाली बसला आणि पायाकडे असा पाहू लागला, जसं काही कोणाचा तरी माग पाहतो आहे. वहिनी धावत आली तेव्हा बंदूक जमिनीवर होती, कारण माझ्या हातातून ती गळली होती. तिने मला पाहिलं, त्याला पाहिलं, बंदुकीला पाहिलं.

तो म्हणाला, "मी ठेवायले घेतली अन् हातातून सटकली वो."

मी उभा होतो.  पुढे लोक आले, खाट आली, कोणीतरी गाडी आणली. रस्ताभर मी त्याचा पाय मांडीवर धरून बसलो होतो, धोतर भिजलं. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "असं काऊन सांगितलं?" तो डोळे मिटून म्हणाला, "तुह्यापाशी तेवढंच एक हाये गड्या. तेबी नेतील."

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याची तीन बोटं काढली. ठाण्याचे आले, त्याचा जबाब घेतला. बंदूक हाताळताना खाली पडून बार झाला, कोणाविरुद्ध तक्रार नाही. मग माझ्याकडे वळले. "असंच झालं ना काका?" मी मान हलवली. मान हलवायला शिक्षण लागत नाही. मग सही केली, तीही वळणदार केली, बँकेत शिकलो होतो तशी. चौकशी संपेपर्यंत बंदूक ठाण्यात राहिली, मग परत मिळाली. त्या वेळी मी बाजाराच्या रस्त्याने आलो नाही.

माझ्या एका बोटाने त्याची तीन बोटं गेली आणि नाव त्याच्या हाताचं झालं. लोकांनी ते ऐकलं आणि विसरले. वहिनी विसरली नाही. तिचा स्वभाव कडू नाही. पण काकाचं पाहिलेली बाई ती, आणि तिच्याच नवऱ्याने, तिच्याच अंगणात, दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावला. हे तिच्या गळ्याखाली उतरेना. तो चप्पल घालायला वेळ लावतो. डाव्या चपलेत कापडाचा बोळा घालावा लागतो, नाहीतर निघून जाते. तो बोळा घालत बसला की ती सुरू व्हायची.

"पानाचं देठ हातात टिकत नाई, अन् बंदूक धरायले गेलते."

"झालं ना आता," तो म्हणायचा.

"झालं कसं? धुऱ्यावरून चालता येत नाई. माग पाहाले कोण जाते आता? मलेच जा लागते. भाऊजींची बंदूक भाऊजी ठेवतील, तुमाले कोणी सांगितलं होतं मधात हात घालाले?"

आणि मला म्हणायची, "तुमी घ्या भाऊजी, भात वाढू का?"

मी घेत होतो. तिच्या हातचा भात, तिच्या सपरीत बसून, तीन वर्षं. तो माझ्याकडे पाहून डोळा बारीक करून हसायचा. त्या हसण्याची मला भीती वाटायला लागली. वाटायचं, एखाद्या दिवशी तो हसणार नाही. मग वाटायचं, हसतो आहे हेच जास्त वाईट आहे. माझ्या बाजूने मी एकच केलं, पंप पुन्हा त्यांच्या घराकडे नेला नाही. सगळ्यांना सांगत फिरलो की बंदुकीतच खोट होती, पडली की उडते असली बंदूक घेऊ नये. बंदूक बिचारी चांगली होती. तिने तेच केलं जे तिला करायला बनवलं होतं, आणि हवालदाराने मला ते आधी सांगितलं होतं.

या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आलं. ठाण्यात गेलो. लिहिणारा शिपाई नवा, पण जुनी फाईल काढून बसला होता. विचारत होता, भरत होता. "या शस्त्रानं काही अपघात?" मग स्वतःच फाईलमध्ये पाहून म्हणाला, "हां, हाये. खाली पडून. दुसऱ्याच्या हातातून. तसंच लिहू ना काका?"

एवढंच तर विचारलं त्याने. तीन वर्षांपूर्वी मान हलली होती, आता हलेना. मी म्हणालो, "थांब, उद्या येतो."

"सही तेवढी करून जा ना."

"उद्या म्हणालो ना."

घरी येऊन मी पंप पुसायला घेतला. दर रविवारी पुसतो, सवय आहे. समोरची टोपी फिरवली, नळी काढली, तिच्यात कापड फिरवलं, आणि कचरा राहिला का ते पाहायला नळी दाराकडे धरून डोळा लावला. आरपार उजेड दिसला. गोल, स्वच्छ.  चार वर्षांत मी ही नळी शंभर वेळा काढली असेल, शंभर वेळा उजेड पाहिला असेल. एक टोपी फिरवली की पंपातून उजेड दिसत होता. वहिनी मागत होती ते देता येत होतं. एका विड्याइतका वेळ लागला असता. मला ते सुचलं नाही, कारण मला ते द्यायचंच नव्हतं. मी म्हणतो म्हणून तिने मानावं, एवढंच पाहिजे होतं.

नळी फडक्यात गुंडाळली, बाकीचं खोळीत घालून खांद्याला लावलं आणि त्यांच्या अंगणाशी जाऊन उभा राहिलो. दुपार होती. तो खाटेवर बसून दोरी वळत होता. वहिनी दारात आली, खोळ पाहिली आणि तिचा चेहरा बंद झाला.

"उजेड पाहा वहिनी," मी म्हणालो आणि नळी पुढे केली.

तिने ती हातात घेतली, आभाळाकडे धरली, डोळा लावला. तिच्या पद्धतीप्रमाणे वेळ घेतला. मग म्हणाली, "दिसला उजेड. अशी निंगते होय नळी?"

"निघते."

"मंग तवा काऊन नाई काढली?"

सोबत्याने दोरी थांबवली. "अवो, ऊन हाये, त्याले पाणी दे आधी." त्याला कळलं होतं मी कशाला आलो ते. माझ्याकडे पाहून मान हलवत होता, नको म्हणून.

मी म्हणालो, "वहिनी, याच्या हातातून पडली नाही. याने हातही लावला नव्हता. मीच लावू दिला नाही. खाली आहे म्हणून दाखवायला मी चाप दाबला. बोट माझं होतं."

 नळी वहिनीच्या हातातच होती. मग ती माझ्याकडे न पाहता त्याच्याकडे वळली.

"तीन वर्ष?"

तो दोरीकडे पाहत म्हणाला, "होय."

"तीन वर्ष मी तुमाले बोलून राह्यली अन् तुमी ऐकून घेतलं?"

"मंग काय करू? जबाब देला होता."

"ठाण्यात देला होता. मले काऊन देला?"

त्याने दोरी बाजूला ठेवली. मला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल, दोघं नवरा-बायको एका बाजूला होतील आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. तसं झालं नाही. तो उठला, बोळा न घालताच चप्पल घातली आणि लंगडत माझ्याजवळ आला. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता.

"तुले कोणी सांगितलं होतं?" तो हळू बोलला. "बोलणी मी खात होतो, तू नाई. आता तिले वाटते का मी तिच्याशी तीन वर्ष खोटं बोललो. अन् ठाण्यात जाऊन बोलशील तं सरकारातबी मीच खोटा. तू खरा होऊन मोकळा."

"मग मी काय करू?"

"मले काय विचारते? बंदूक तुही."

वहिनीने नळी माझ्या हातात दिली. "घेऊन जा," एवढंच म्हणाली. भात वाढू का ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. पंप टेबलावर ठेवला, काडतुसांचा डबा ठेवला, परवाना ठेवला. म्हणालो, नूतनीकरण करायचं नाही, जमा करून घ्या. शिपाई पाहतच राहिला. "काऊन काका? चांगली तं हाये."  खरं बोललो असतो तर सोबती अडकला असता, आणि खोटं बोलायची जागा आता माझ्या तोंडात उरली नव्हती. तो म्हणाला, "कारण लिहा लागते. काय लिहू?" मग त्यानेच पेन टेकवलं. "वयोमानामुळे शस्त्र सांभाळता येत नाही. असं लिहू?"

मला म्हातारा म्हटलेलं मी कोणाचं ऐकून घेतलं नाही. हवालदाराचं नाही, मॅनेजरचं नाही, पोटच्या पोराचं नाही. शिपायाला म्हणालो, "लिही." त्याने लिहिलं. मी सही केली. यावेळी वळणदार झाली नाही.

ठाण्याच्या कागदात अजून त्याच्याच हातातून बंदूक पडते आहे. त्याच्या हयातीत तो कागद मी बदलू शकत नाही, त्याने तशी शपथ घातली आहे. म्हणून हा दुसरा कागद.

महिनाभर त्यांच्या घरी गेलो नाही. मग एका संध्याकाळी तोच बोलवायला आला, बोळा घातलेल्या चपलेने, रस्ताभर थांबत. "चाल, जेवाले. ती म्हणून राह्यली." गेलो. हातात काठी होती. अंगणाशी पोचलो तर वहिनी दारातून म्हणाली, "उजेड दाखवा भाऊजी."

मला वाटलं चेष्टा करते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं, ती हसत नव्हती. मी काठी मोहाला टेकवली आणि दोन्ही हात उघडून पुढे केले. तिने ते पाहिले, उजव्या हाताकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग बाजूला सरकली.

तेव्हापासून रोज असंच चालतं. मी काठी बाहेर ठेवतो, हात दाखवतो. एखाद्या दिवशी ती "या" म्हणते. एखाद्या दिवशी काहीच न बोलता आत जाते, आणि मी अंगणाबाहेर उभा राहतो, सोबती दोरी ठेवून "येऊ दे त्याले वो" म्हणेपर्यंत.